यकृताचा मूक शत्रू : हिपॅटायटिस सी आणि आपले कर्तव्य

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित आरोग्य व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित पाठ)



एखाद्या संस्थेने पन्नास वर्षे अखंड सेवा करावी, ही मोठ्या पुण्याईची गोष्ट आहे. त्याबद्दल सर्व आजी-माजी विश्वस्तांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. आपल्या परंपरेने दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. सोलापूरच्या जैन समाजाने औषधदानाची ज्योत फार पूर्वीपासून तेवत ठेवली आहे. शेठ सखाराम नेमचंद यांच्या नावाने चालत आलेले आयुर्वेदिक रुग्णालय ही त्याची आपणा सर्वांना परिचित अशी साक्ष आहे. आज मी ज्या आजाराविषयी बोलणार आहे, त्याचे औषध उपलब्ध आहे, ते अत्यंत गुणकारी आहे आणि शासन ते विनामूल्य देते. तरीही लोक या आजाराने दगावतात, कारण तो आपल्याला झाला आहे हेच त्यांना ठाऊक नसते. म्हणून या बाबतीत समाजाकडून औषधदानापेक्षा ज्ञानदानाची आणि अभयदानाची अधिक गरज आहे. त्या आजाराचे नाव आहे हिपॅटायटिस सी.

"आमच्या घरात दारूचा थेंबही नाही"

यकृताचा आजार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर मद्यपी माणूस येतो. यकृताला सूज आली आहे, असे निदान एखाद्या श्रावकाला सांगितले, तर त्याच्या घरची माणसे प्रथम दुखावतात. "डॉक्टरसाहेब, आमच्या सात पिढ्यांत कोणी दारूला स्पर्श केलेला नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण, उकळून गाळलेले पाणी, शुद्ध शाकाहार. मग हा आजार यांना कसा होईल?" हा प्रश्न अनेक डॉक्टरांना ऐकावा लागतो. तो प्रामाणिक असतो आणि त्याचे उत्तरही तितक्याच प्रामाणिकपणे दिले पाहिजे.

हिपॅटायटिस या शब्दाचा अर्थ यकृताची सूज. ही सूज आणणारे मुख्य विषाणू पाच आहेत आणि त्यांना ए, बी, सी, डी, ई अशी नावे आहेत. यांपैकी ए आणि ई हे दूषित पाणी व अन्न यांतून पोटात जातात. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची जी मोठी साथ आली, ती हिपॅटायटिस ई विषाणूची होती आणि तिचे मूळ दूषित पाण्यात होते. पाणी उकळून पिणाऱ्या घराला या दोन विषाणूंपासून उत्तम संरक्षण मिळते. आपल्या आचारधर्माचा हा मोठा लाभ आहे आणि तो कोणीही सोडू नये.

परंतु बी आणि सी या विषाणूंचा मार्ग निराळा आहे. हिपॅटायटिस सी रक्तातून रक्तात जातो. तो अन्नातून येत नाही, पाण्यातून येत नाही आणि व्यसनाची वाट पाहत नाही. दूषित सुईच्या टोकावर राहिलेला, डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा अंश त्याला पुरेसा असतो. आपण ताटात काय घेतो, हे तो विचारत नाही. आपल्या शिरेत काय गेले, एवढेच तो पाहतो. म्हणून निर्व्यसनी घराने या आजारापासून स्वतःला सुरक्षित समजू नये.

पिवळेपणा नसलेली कावीळ

आपल्याकडे कावीळ झाली की ती "उतरवण्यासाठी" माणसे धावतात. कोणी गळ्यात माळ घालते, कोणी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन ते पिवळे झालेले दाखवते, कोणी डाग देते. या उपायांवर लोकांचा विश्वास का बसला, याला एक शास्त्रीय कारण आहे. ए आणि ई या विषाणूंची कावीळ बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. निसर्गाने बरे केलेल्या रोगाचे श्रेय मग माळेला मिळते.

हिपॅटायटिस सी मात्र येताना डोळे पिवळे करील, असे नाही. संसर्ग झालेल्या दहापैकी सुमारे आठ जणांना सुरुवातीला कोणतेही लक्षण जाणवत नाही. साधारण तीस टक्के रुग्णांच्या शरीरातून हा विषाणू सहा महिन्यांच्या आत आपोआप निघून जातो. उरलेल्या सत्तर टक्क्यांच्या यकृतात तो कायमचा मुक्काम करतो. तेथे वर्षानुवर्षे मंद दाह सुरू राहतो. माणूस दुकान चालवतो, यात्रेला जातो, उपवास करतो. थोडा थकवा आला तर वयाला दोष देतो. वीस वर्षांच्या काळात अशा रुग्णांपैकी पंधरा ते तीस टक्के जणांचे यकृत आक्रसून कठीण होते. यालाच सिऱ्हॉसिस म्हणतात. पुढे पोटात पाणी साचणे, रक्ताची उलटी होणे, बुद्धीला भ्रम होणे आणि काहींना यकृताचा कर्करोग, असा हा क्रम आहे. बहुतेकांना आजाराचा पत्ता लागतो तो या शेवटच्या पायऱ्यांवर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे पाच कोटी लोक हिपॅटायटिस सी घेऊन जगत होते. त्यांपैकी सुमारे ५५ लाख आपल्या देशात होते. जगभराचा विचार केला, तर शंभर बाधितांपैकी जेमतेम छत्तीस जणांचेच निदान झालेले होते. उरलेल्या चौसष्ट जणांना आपण रुग्ण आहोत, याची कल्पनाही नव्हती.

विषाणूचा शोध आणि आपले जुने रक्त

हा आजार कोणाला असू शकतो, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत डॉ. हार्वे ऑल्टर यांच्या लक्षात आले की, रक्त दिल्यानंतर अनेक रुग्णांना यकृताचा दाह होतो; पण तपासले तर त्यांच्यात ए विषाणूही सापडत नाही आणि बी विषाणूही नाही. बरीच वर्षे या आजाराला "ना ए, ना बी" अशाच नावाने ओळखले जात होते. १९८९ साली मायकेल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या विषाणूचा छडा लावला आणि त्याला सी हे नाव मिळाले. चार्ल्स राइस यांनी पुढे हा विषाणू एकटाच रोग निर्माण करू शकतो, हे सिद्ध केले. ऑल्टर, हॉटन आणि राइस या तिघांना २०२० सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, १९८९ पूर्वी जगातील कोणत्याही रक्तपेढीला हा विषाणू ओळखणे शक्यच नव्हते. भारतात रक्ताच्या प्रत्येक पिशवीची सी विषाणूसाठी चाचणी सक्तीची झाली, ती या शतकाच्या अगदी आरंभी. त्यापूर्वी आपल्या देशात पैसे घेऊन रक्त विकणारे धंदेवाईक दातेही होते. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिलेल्या निकालामुळे १ जानेवारी १९९८ पासून रक्ताच्या विक्रीवर बंदी आली. आज स्वेच्छा रक्तदानात महाराष्ट्र देशात आघाडीवर आहे, आणि महावीर जयंतीला रक्तदान शिबिरे भरवणाऱ्या आपल्या समाजाचा त्यात वाटा आहे. आजचे तपासलेले रक्त त्या काळच्या रक्ताहून कितीतरी सुरक्षित आहे. म्हणून रक्त घेण्यास किंवा देण्यास कोणी घाबरू नये.

पण आपल्या घरातील जुन्या प्रसंगांकडे एकदा वळून पाहावे. १९८५ साली बाळंतपणात आईला रक्त चढवले होते का? १९९२ साली वडिलांच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा दोन बाटल्या रक्त लागले होते का? अपघातात काकांना रक्त दिले होते का? ज्यांना २००२ पूर्वी एकदा जरी रक्त किंवा रक्तघटक मिळाले असतील, त्यांनी आयुष्यात एकदा हिपॅटायटिस सीची तपासणी करून घ्यावी. थॅलेसेमिया व हिमोफिलिया असलेली मुले-माणसे आणि डायलिसिसवर असणारे रुग्ण यांनी तर ती नियमाने, डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे वारंवार करावी.

सुईचा मोह

दुसरा मार्ग सुईचा आहे. पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाला काचेची पिचकारी आठवत असेल. एकाच सुईने, फार तर गरम पाण्यात बुडवून, रांगेतील सर्वांना इंजेक्शन दिले जाई. त्या काळी कोणाचा हेतू वाईट नव्हता. साधने अपुरी होती आणि विषाणू अज्ञात होता. पण या शतकातही धोका संपलेला नाही. गुजरातमधील मोडासा येथे २००९ साली हिपॅटायटिस बी ची भयंकर साथ पसरली आणि अनेकांचे प्राण गेले. वापरलेल्या सुया व सिरिंज पुन्हा वापरल्या जाणे हे तिचे कारण होते. सी विषाणूही नेमक्या याच वाटेने जातो.

यात आपलाही दोष आहे. गोळीने बरा होणारा ताप आपल्याला सुईने बरा व्हायला हवा असतो. अशक्तपणा आला की "एक सलाईन लावा" असा आग्रह आपणच धरतो. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले नाही, तर फी वाया गेली असे वाटते. अनावश्यक इंजेक्शन टाळणे हा प्रतिबंधाचा पहिला नियम आहे. दुसरा नियम असा की, इंजेक्शन आवश्यकच असेल, तर सुई व सिरिंज आपल्यासमोर सीलबंद पाकिटातून काढली जात आहे, हे डोळ्यांनी पाहावे. यात डॉक्टरांचा अपमान होत नाही. चांगल्या डॉक्टरला असा जागरूक रुग्ण आवडतो. जत्रा-यात्रांत एकाच सुईने गोंदवून घेणे, कान-नाक टोचताना न निर्जंतुक केलेली सुई वापरणे, सलूनमध्ये आधी वापरलेले पाते दाढीसाठी चालवून घेणे, हेही टाळावे. घरात ब्लेड, दाढीचा वस्तरा, दात घासण्याचा ब्रश आणि मधुमेहाची साखर तपासण्याची सुई या वस्तू प्रत्येकाच्या स्वतंत्र असाव्यात.

हिपॅटायटिस बी साठी प्रभावी लस आहे. तिचा पहिला डोस बाळाला जन्मानंतर चोवीस तासांच्या आत मिळावा. सी विषाणूवर मात्र अद्याप लस नाही. म्हणून येथे प्रतिबंध आणि तपासणी हीच दोन शस्त्रे आपल्या हाती आहेत.

तीन महिन्यांत मुक्ती

आता आनंदाची वार्ता सांगतो. पूर्वी या आजारावर इंटरफेरॉनची इंजेक्शने सहा महिने ते वर्षभर घ्यावी लागत. ताप, नैराश्य, रक्त कमी होणे असे त्रास होत, खर्च लाखांत जाई आणि इतके सोसूनही अनेकांचा विषाणू जात नसे. २०१३ च्या डिसेंबरात अमेरिकेत सोफोसबुविर या तोंडाने घ्यायच्या गोळीला मान्यता मिळाली. तेथे तिची किंमत दिवसाला एक हजार डॉलर, म्हणजे बारा आठवड्यांना ८४ हजार डॉलर होती. त्या वेळच्या दराने पन्नास लाख रुपयांच्या आसपास. २०१४ साली मूळ कंपनीने भारतातील सात औषध कंपन्यांना ही गोळी बनवण्याचा परवाना दिला आणि पुढच्याच वर्षी भारतीय गोळ्या बाजारात आल्या. किंमत अमेरिकेच्या तुलनेत अत्यल्प झाली.

२८ जुलै २०१८ रोजी, म्हणजे जागतिक हिपॅटायटिस दिनी, केंद्र शासनाने राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. या कार्यक्रमात हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी व औषधोपचार शासकीय केंद्रांत विनामूल्य आहेत. यकृत कठीण झालेले नसेल, तर बहुतेक रुग्णांना बारा आठवडे रोज गोळ्या घ्याव्या लागतात. पंचाण्णव टक्क्यांहून अधिक रुग्ण पूर्णपणे विषाणुमुक्त होतात. दीर्घकाळ शरीरात राहणारा विषाणू औषधाने कायमचा हद्दपार व्हावा, असे वैद्यकशास्त्रात फार थोड्या वेळा घडले आहे.

तपासणी दोन टप्प्यांची असते, हे नीट लक्षात ठेवावे. पहिली चाचणी प्रतिपिंडांची. ती सकारात्मक आली म्हणजे या विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती, एवढेच समजते. आज विषाणू शरीरात आहे की नाही, हे दुसरी, आरएनए चाचणी सांगते. पहिल्या अहवालाने घाबरून जाऊ नये आणि दुसरी चाचणी केल्याशिवाय थांबूही नये. उपचारापूर्वी हिपॅटायटिस बी आहे का, हेही पाहिले जाते, कारण सी बरा होत असताना दबलेला बी उसळी घेऊ शकतो. म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने, कोणाच्या चिठ्ठीवरून घेऊ नयेत. उपचार संपल्यावर बारा आठवड्यांनी पुन्हा आरएनए चाचणी होते आणि विषाणू नसेल, तर रुग्ण बरा झाला असे मानतात. ज्यांचे यकृत आधीच कठीण झालेले असते, त्यांनी बरे झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत राहावे. बरे झालेल्या माणसाला दुसऱ्यांदा संसर्ग होऊ शकतो, हेही विसरू नये.

सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे सर्वोपचार रुग्णालय, ज्याला आपण सगळे 'सिव्हिल' म्हणतो, आपल्या दाराशी आहे. शासकीय कार्यक्रमातील सोयींची चौकशी तेथे जाऊन करावी. सिव्हिलमध्ये जाण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

भीती आणि मौन

तरीही माणसे तपासणीला का येत नाहीत? अनुभवाने सांगतो, पैशापेक्षा मोठा अडसर लोकलज्जेचा आहे. मुलीचे लग्न ठरायचे आहे, भागीदारांना काय वाटेल, समाजात चर्चा होईल, या विचाराने अहवाल कपाटात ठेवला जातो. कोणी रुग्णाचे ताट-वाटी वेगळी करते. कोणी नातवंडांना आजीच्या मांडीवर बसू देत नाही. ज्या वृद्धेने रक्त चढवून घेऊन आपल्याला जन्म दिला, तिच्याच वाट्याला असा एकांत यावा, यापरते दुःख कोणते?

म्हणून स्पष्ट शब्दांत सांगतो. एका पंगतीत जेवल्याने, एका ताटात खाल्ल्याने, हातात हात घेतल्याने, मिठी मारल्याने, खोकल्याने किंवा शिंकेने हिपॅटायटिस सी पसरत नाही. आईच्या दुधातूनही तो जात नाही. गर्भवतीकडून बाळाला तो जाण्याची शक्यता सुमारे पाच-सहा टक्के असते. रुग्णाची भांडी वेगळी ठेवण्यास कोणताही वैद्यकीय आधार नाही. हा आजार कोणाच्या चारित्र्याचा दाखलाही नाही. बहुसंख्य वेळा तो उपचार घेताना, दवाखान्यातच, नकळत मिळालेला असतो. ज्याला आपण भयमुक्त करू, तोच तपासणीला येईल. अभयदानाचा हा अर्थ आजच्या काळात आपण आचरणात आणावा, अशी माझी नम्र विनंती आहे.

संकल्प

इजिप्त देशाचे उदाहरण आपल्यासमोर आहे. तेथे १९५० च्या दशकापासून पुढे तीन दशके बिल्हार्झिया या कृमिरोगाविरुद्ध मोहीम चालली. हेतू उदात्त होता. पण एकच सुई अनेकांना वापरली गेली आणि देशभर हिपॅटायटिस सी पसरला. जगातील सर्वाधिक बाधित देशांत त्याची गणना होऊ लागली. त्याच देशाने २०१८-१९ मध्ये अवघ्या सात महिन्यांत सुमारे पाच कोटी नागरिकांची तपासणी केली आणि बाधितांना मोफत औषध दिले. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने हिपॅटायटिस सीच्या निर्मूलनाच्या वाटेवरील त्यांच्या प्रगतीचा 'सुवर्ण' श्रेणी देऊन गौरव केला. त्यांनी आधी प्रत्येकाला विचारले, मग तपासले, मग बरे केले.

एका देशाला जे साधले, ते एका समाजाला का साधू नये? सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टने तीन गोष्टी कराव्यात, असे मी सुचवतो. पहिली, पुढील रक्तदान शिबिराला जोडून चाळिशीपुढील स्त्री-पुरुषांसाठी हिपॅटायटिस बी व सी तपासणीची सोय करावी आणि ज्यांना पूर्वी रक्त मिळाले आहे, त्यांना व्यक्तिशः निरोप द्यावा. दुसरी, अहवाल बंद पाकिटात, फक्त त्या व्यक्तीच्या हाती द्यावा. त्याची वाच्यता कोठेही होऊ नये. तिसरी, ज्याची पहिली चाचणी सकारात्मक येईल, त्याला दुसऱ्या चाचणीपर्यंत आणि औषधाच्या शेवटच्या गोळीपर्यंत सोबत करणारे दोन-चार स्वयंसेवक तयार करावेत. एकटा माणूस पहिल्याच पायरीवरून परत फिरतो. सोबत असली, तर तो शेवटपर्यंत जातो.

आपणा प्रत्येकाला मात्र आज घरी जाऊन एकच काम करायचे आहे. रात्री सगळे एकत्र बसाल, तेव्हा आई-वडिलांना, आजी-आजोबांना विचारा : "तुम्हाला कधी रक्त चढवले होते का?" उत्तर "हो" असेल, तर या आठवड्यात त्यांना तपासणीला घेऊन जा. हा एक प्रश्न एखाद्या घरातील वडीलधाऱ्यांचे आयुष्य वाचवू शकेल.